तालुक्याला मिळतं ते पिशवीत नको

बुलढाणा जिल्ह्यात माणूस आधी घाटावरचा की घाटाखालचा ते सांगतो, मग गावाचं नाव सांगतो. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर घाटाखाली. जिल्ह्याचं ठिकाण असलेलं बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर बसलेलं. मुंबई-हावडा रेल्वे मात्र खालून जाते. म्हणजे पुण्या-मुंबईहून येणारा मलकापूरला किंवा शेगावला उतरतो आणि एसटी धरतो. मलकापूरहून राजूर घाट चढून वर येईपर्यंत आपण काय काय आणलंय याचा हिशोब मांडीला, खांद्याला आणि शेजारच्या प्रवाशाला आपोआप कळतो.

माझं माहेर चिखलीचं, राहणं पुण्यात, आणि काम असं की त्याला एक जागा नाही. गावोगाव जाऊन लोकांचं बोलणं ध्वनिमुद्रित करायचं (पेरणी, वाळवण, आजारपण, घरातल्या कुरबुरी, जे निघेल ते), मग ते कानाला लावून अक्षरशः उतरवायचं, त्याला वेळेच्या खुणा घालायच्या आणि ज्या संस्थेने काम दिलं असेल तिच्याकडे पाठवायचं. संस्था कधी पुण्याची, कधी बंगळूरची. तिथले लोक मला पडद्यावर ओळखतात. काम चालतं ते लॉजच्या खोलीत, मामाच्या ओसरीवर, बसस्थानकातल्या बाकड्यावर.

सुरुवातीला पाठीवर एक आणि हातात एक अशा दोन बॅगा असायच्या. लॅपटॉप, त्याचा स्टँड, वेगळा कीबोर्ड, माऊस, टॅब्लेट, कॅमेरा, रेकॉर्डर, माइकवर चढवायची केसाळ टोपी, तिपाई, हार्डडिस्क, डोंगल, मोठी पॉवर बँक, कान झाकणारे हेडफोन. शिवाय पायाने थांबवायचं-चालवायचं पेडल, कारण ऐकून लिहिणाऱ्यांचं ते लाडकं यंत्र. यातली एकेक वस्तू गरजेचीच वाटायची. पण प्रत्येक यंत्र लेकुरवाळं असतं. कॅमेरा म्हटलं की त्याचा चार्जर आला, कार्ड आलं, ते वाचणारं रीडर आलं, दुसरी बॅटरी आली, काच पुसायचं फडकं आलं.

17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. फार चांगली गोष्ट. ज्या बायका वर्षातून एकदा माहेरी जायच्या त्या आता दवाखान्याला, बाजाराला, लेकीकडे सहज निघतात, आणि माझ्या अर्ध्या मुलाखती तर बसमध्येच ठरतात. पण गाड्या भरल्या. वरच्या रॅकवर कांद्याचं पोतं, खाली पायाशी दुधाची किटली, आणि मधे आपण. डिकीत लॅपटॉप टाकायचा नसतो, हे घाटातली वळणं एकदा पाहिली की सांगावं लागत नाही. उरते ती मांडी. मांडीवर मावेल आणि त्यावर शेजारणीचं पोरही टेकू शकेल एवढीच बॅग, हे माप मला कुठल्या तज्ज्ञाने दिलं नाही, राजूर घाटाने दिलं.

तरी ओझ्याचा खरा त्रास पाठीला नव्हता. मेहकर तालुक्यातल्या एका गावात आम्ही अंगणात बसलो होतो. बॅग उघडून मी तिपाई उभी केली, त्यावर रेकॉर्डर लावला, माइकवर ती करड्या केसांची टोपी चढवली, लॅपटॉप खाटेवर ठेवला. पावसाने सोयाबीनचं नुकसान झालेलं. शेजारच्या घरातून एक काका आले, सगळा पसारा नीट पाहिला आणि म्हणाले, “मॅडम, पंचनामा कराले आल्या काय? मंग आमच्या वावरात चाला आधी. मागचा इमा बी आला नाई अजून.” मी समजावलं. ते मान डोलवत राहिले आणि तासभर मला फक्त नुकसानीचे आकडे सांगत राहिले, तेही कचेरीत बोलावं तशा जपून भाषेत. ज्या आजींसाठी गेले होते त्या पदर सावरून टोपीकडेच बघत बसल्या. त्यांना वाटलं मांजराचं पिलू बांधून ठेवलंय.

यंत्रं दिसली की माणूस यंत्राशी बोलतो. तिपाई दिसली की बातमीवाले, लॅपटॉप दिसला की सरकार. फोन दिसला तर काहीच नाही, कारण फोन त्यांच्याही हातात आहे. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकऱ्याने स्वतःच बांधावर उभं राहून आपल्या पिकाचा फोटो फोनमधून चढवायचा हे रूढ झालं. वावरात फोन धरून उभा असलेला माणूस आता कुणाच्या नजरेला खुपत नाही. तेव्हापासून लॅपटॉप गावात न्यायचं मी बंद केलं. तो खोलीवर राहतो. गावात जाताना फोन, कॉलरला लावायचा वायरचा छोटा माइक आणि वही.

बाकीचं काय ठेवायचं, काय सोडायचं, याची एक कसोटी हळूहळू बसत गेली. जी वस्तू तालुक्याच्या गावी दुकानात मिळते, किंवा मागितल्यावर कुणीही देतं, ती बॅगेत नको. चार्जिंगची वायर चिखलीत मिळते, मेहकरात मिळते, मोताळ्याच्या स्टँडवरही मिळते. इअरफोन मिळतात. माऊस मिळतो. कागद छापून हवा तर सेतू केंद्राच्या रांगेत उभं राहायचं. मग या सगळ्यांचे ‘असू दे’ म्हणून घेतलेले जोड कशाला वागवायचे? उलट माझ्या लॅपटॉपला चालेल असा चार्जर तालुक्याला मिळेल याची खात्री नाही, तो मात्र माझाच हवा.

चार्जरचा प्रश्न मात्र जगानेच सोपा केला. आता लॅपटॉप, फोन, छोटी पॉवर बँक, सगळ्यांना टाइप-सीचं एकच तोंड. युरोपियन युनियनने 28 डिसेंबर 2024 पासून नव्या फोनना ते सक्तीचं केलं आणि लॅपटॉपसाठी 28 एप्रिल 2026 ही तारीख ठेवली. ब्रुसेल्सच्या कायद्याने चिखलीच्या बॅगेतलं वायरींचं भेंडोळं सुटलं. गॅलियम नायट्राइडचा 65 वॅटचा चार्जर मुठीत मावतो आणि लॅपटॉप, फोन दोन्ही भरतो.

पण लॉजच्या सॉकेटला युरोप माहीत नाही. आपल्याकडची भोकं जाड पिनांसाठी, सुमारे पाच मिलिमीटरच्या. या चार्जरला येतात त्या बारीक दोन पिना, चार मिलिमीटरच्या. नवीन सॉकेट असेल तर निभतं. जुनं, हजार वेळा ओढाताण झालेलं असेल तर चार्जर आपल्याच वजनाने मान टाकतो. रात्री लावून झोपावं, सकाळी पाहावं तर तो अर्धा बाहेर लोंबकळतोय आणि बॅटरी होती तिथेच. यावर उपाय महाग नाही. हातभर वायर, एका टोकाला जाड तीन पिनांचा प्लग, दुसऱ्या टोकाला बरं सॉकेट. इलेक्ट्रिकच्या दुकानात समोर बसवून घेतली. प्लग भिंतीत घट्ट बसतो, चार्जर टेबलावर निवांत पडतो. माझ्या बॅगेतली सगळ्यात स्वस्त वस्तू ती, आणि कुणी मागितली तर मी सगळ्यात आधी नाही म्हणेन.

मोठी पॉवर बँक गेली त्याला साधं गणित पुरलं. वीस हजार एमएएच म्हणजे सुमारे 74 वॅट-तास. माझ्या लॅपटॉपची बॅटरी पन्नासच्या आसपास. मधली गळती धरली तर अर्धा किलोचा तो दगड लॅपटॉप एकदा भरणार आणि संपणार. त्यापेक्षा लाइन असताना सगळं भरून ठेवायचं. खेड्यात विजेचं वेळापत्रक लोकांना तोंडपाठ असतं, कारण शेतीपंपाची थ्री फेज लाइन पाळीपाळीने एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. रात्रीच्या पाळीच्या आठवड्यात मुलाखत मागायचीच नाही. माणसं रात्रभर पाणी देऊन दिवसा झोपलेली असतात. हे कळायला पॉवर बँक नाही, सरपंचांच्या घरचा चहा लागतो.

घाटाखालचा उन्हाळा हा वेगळाच विषय. खामगाव-शेगावला मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे जातो, आणि फोन चार्जिंग नाकारतो. पडद्यावर सूचना येते की आधी थंड करा. आम्हालाही कुणी तसं म्हणावं. हिवाळ्यात खामगावात दुसरी अडचण. जलंबहून खामगावला येणारा तेरा किलोमीटरचा रेल्वेफाटा 1870 मध्ये टाकला गेला तोच मुळी कापसासाठी, आणि आजही हंगामात जिनिंगच्या आसपास हवेत रुईचे तंतू तरंगत असतात. पंख्याचा लॅपटॉप ते गुपचूप आत ओढतो. माझा जुना लॅपटॉप एका हंगामानंतर घरघरू लागला. दुरुस्तीवाल्याने तो उघडून पंख्यामागून राखाडी रुईची पट्टी चिमट्याने सबंध बाहेर काढली. दिवा लागला असता तिच्यावर. नवीन घेताना दुकानदार रॅम आणि प्रोसेसर सांगत होता, मी विचारलं, यात पंखा आहे का? नाही म्हणाला. मग हाच द्या.

लॅपटॉपच सोडता येईल का हेही पाहिलं. नाही सोडता येत. उतरवण्याचं काम मी ‘एलान’ नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये करते. नेदरलँड्समधल्या निमेगनच्या मॅक्स प्लांक संस्थेने बनवलेलं, फुकट, आणि इंटरनेटशिवाय चालणारं. आवाजाची रेघ पडद्यावर वर पसरलेली, खाली आपण लिहिलेलं वाक्य. फोनच्या पडद्यावर याचा नुसता चिवडा होतो. पेडल मात्र सुटलं, दोन कळा ठरवून घेतल्या की बोटं तेच काम करतात. टॅब्लेट तर आपण का घेतला होता हेच आठवेना.

नेटवर्कसाठी डोंगल होता, तोही गेला. फोनमध्ये दोन कंपन्यांची दोन सिमं, एक नाही तर दुसरं. दोन्ही नाहीत अशाही जागा आहेतच. बुलढाण्याहून खामगावला बोथ्याच्या रस्त्याने ज्ञानगंगा अभयारण्यातून जाताना फोन मुका होतो, लोणारच्या विवरात खाली उतरलं की माझी दोन्ही सिमं वरच राहतात. ज्ञानगंगेचं निघालं म्हणून सांगते. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ तेराशे किलोमीटरच्या वर भटकून 2019 च्या अखेरीस इथे येऊन पोचला होता. त्याची सगळी वाट कळली ती गळ्यातल्या कॉलरमुळे. एवढ्या प्रवासाला एकच यंत्र, आणि तेही त्याने मागितलेलं नव्हतं.

नेटवर्कवर खरा उतारा निघाला तो कामाच्या पद्धतीत. चांगल्या प्रतीचं, दोन वाहिन्यांचं ध्वनिमुद्रण तासाला जवळपास 690 एमबी होतं. ते गावातून चढवत बसलं तर रात्र जाते आणि पहाटे कळतं की मधेच तुटलं. त्याच तासाची दाबून बारीक केलेली प्रत तिसेक एमबीची होते. पलीकडच्या माणसाला ऐकून ‘हे चालेल, पुढचं घ्या’ एवढंच सांगायचं असतं, त्याला ती पुरते. मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवायची आणि बुलढाण्याला किंवा घरी पोचल्यावर सावकाश पाठवायची. संस्थेशी हे एकदा बोलून ठरवलं आणि बॅगेतली हार्डडिस्क, डोंगल आणि माझी झोपमोड असं बरंच वजन कमी झालं. एक प्रत लॅपटॉपमध्ये, एक नखाएवढ्या कार्डावर. लॅपटॉप बॅगेत, कार्ड कमरेच्या बटव्यात. दोन्ही एका बॅगेत ठेवले तर ती दुसरी प्रत नव्हेच.

हे शहाणपण एसटीला आधीपासून आहे. देऊळगावराजाच्या गाडीत एका कंडक्टर भाऊंच्या शेजारी जागा मिळाली होती. हातात तिकिटाचं मशीन, पायाशी पत्र्याची पेटी. जुन्या कंडक्टरकडे रंगीत तिकिटांचा ट्रे असायचा, चिमट्याची टिकटिक मागच्या सीटपर्यंत ऐकू यायची. ते सगळं एका मशीनमध्ये गेलं. मी विचारलं, मग पेटी कशाला अजून? त्यांनी झाकण उघडून दाखवलं. आत कागदी तिकिटांचे गठ्ठे, रबराने बांधलेले. “मशीन बंद पडलं तं गाडी थांबवता येते काय, ताई?” म्हणाले. माझी वही ही तीच पेटी. कोण बोललं, कुठल्या गावचं, वय काय, कुठल्या मिनिटाला कशाबद्दल बोलणं झालं, हे सगळं आधी वहीत. फोन विहिरीत पडला तरी वही सांगेल की कोणाकडे परत जायचं.

दुरून काम करणं ही आपल्या पिढीची नवलाई असल्यासारखं आपण बोलतो. जॉर्ज ग्रियर्सन यांचं भारतीय भाषांचं सर्वेक्षण याहून दुरून झालं. बायबलमधल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीचं स्थानिक बोलीत रूपांतर, बोलीतलाच एखादा मजकूर आणि ठरलेल्या शब्दांची यादी असं साहित्य ठिकठिकाणच्या अधिकाऱ्यांकडून कागदावर मागवलं गेलं. मराठीचा सातवा खंड 1905 मध्ये निघाला, त्यात वऱ्हाडीचे नमुने आहेत. ग्रियर्सन स्वतः त्याआधीच इंग्लंडला परतले होते आणि कॅम्बरली या गावातल्या घरात बसून खंडामागून खंड सिद्ध करत होते. टपाल, कागद, शाई. मला त्यांचा हेवा वाटतो आणि वाटतही नाही. हेवा यासाठी की त्यांना चार्जर लागला नाही. आणि वाटत नाही यासाठी की आवाज त्यांच्यापर्यंत पोचायच्या आधीच कुणीतरी तो लिहून टाकलेला असायचा. एखाद्या कारकुनाने शुद्ध करून पाठवलं असेल तर ते कळायची सोय नाही. पुढे त्या सर्वेक्षणाने ग्रामोफोनवरही नमुने घेतले, ते उगाच नाही.

म्हणूनच सोडलेल्या वस्तूंपैकी रेकॉर्डर तेवढा परत आला. फोन आवाज स्वच्छ करतो, आणि तीच अडचण. पंख्याची घरघर काढता काढता वाक्याच्या शेवटी पडलेला हलका स्वरही पुसून टाकतो. आमच्याकडच्या बायका वाक्य संपवताना आवाज खाली सोडतात, आणि उतरवणारीला नेमकं तिथलंच हवं असतं. आता तिपाई नाही, केसाळ टोपी नाही. टोपीच्या जागी पातळ स्पंज आणि रेकॉर्डर उशाशी किंवा सुपात ठेवलेला. पेन्सिल सेलवर चालतो, आणि पेन्सिल सेल कुठल्याही किराणा दुकानात बिस्किटांच्या बरणीशेजारी मिळतात. कसोटीत बसतो तो.

तरी कसोटी सगळीकडे चालत नाही. जळगाव जामोद तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला निहाली बोलणारे लोक राहतात. जगातल्या कुठल्याच भाषाकुळात न बसणारी ही भाषा, बोलणारे दोन-अडीच हजारांच्या आसपास. ग्रियर्सन यांच्या चौथ्या खंडात तिची नोंद आहे. डच अभ्यासक कॉयपर यांचा निहालीवरचा प्रबंध 1962 चा, तोही मुख्यतः सुधीभूषण भट्टाचार्य यांच्या क्षेत्रटिपणांवर उभा. के. एस. नागराज यांचं पुस्तक म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाने 2014 मध्ये काढलं, आणि तेव्हा डेक्कन कॉलेजात असलेल्या शैलेंद्र मोहन यांनी निहालीच्या दस्तऐवजीकरणाचं काम केलं. तिथे कुणी मला हलकं होण्याचा सल्ला विचारला तर मी देणार नाही. माझ्या चिखलीच्या मावशीचं मुद्रण बिघडलं तर पुढच्या खेपेला तीच गोष्ट ती दुप्पट मसाला घालून सांगेल. पण ज्या गोष्टी गावातल्या एकाच म्हाताऱ्या माणसाला येतात, तिथे दोन रेकॉर्डर, व्हिडिओ, तिपाई, जे लागेल ते न्यावं आणि वजनाबद्दल कुरकुर करू नये. ते काम माझं नाही, मी भाषाशास्त्रज्ञ नाही. मला तिथल्या बाजारात चालणारी मराठी ऐकायची आहे, कारण निहाली, कोरकू, भिलाला अशी वेगवेगळ्या घरची माणसं सौदा करताना कुठल्या मराठीत भेटतात हे उतरवून पाहायचं आहे.

त्यासाठी पुढच्या फेरीत जामोदला जाणार आहे. लॅपटॉप शेगावच्या खोलीवर राहील. बाजार उरकून रात्री परत आल्यावर उतरवायला बसता येईल. सोबत रेकॉर्डर, सेलचे जोड, वही आणि पाण्याची बाटली. परतीची गाडी चुकली तर काय, असं तिकडच्या एका ओळखीच्या शिक्षकांना फोनवर विचारलं. म्हणाले, काळीपिवळी आहे ना, ती भरली की सुटते. भरली म्हणजे किती, ते मला लहानपणापासून माहीत आहे. एसटीत निदान मांडी तरी आपली असते.